उबवणीच्या पेटींतील ओलावा

वाचकहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यांत (२०२३ पर्यंत सरकारदप्तरीं उस्मानाबाद) दाराशीं चार कोंबड्या नाहींत असें शेतकऱ्याचें किंवा मजुराचें घर विरळा. पाऊस रुसला, सोयाबीन हातचें गेलें, चाऱ्यावांचून मोठें जनावर विकावें लागलें, तरी कोंबडी उकिरडा उकरून आपलें पोट भरते आणि घरधनिणीच्या हातीं मिठामिरचीपुरता पैसा देत राहते. म्हणून कोंबडीचें पिलूं वांचणें अथवा मरणें ही गोष्ट दिसावयास लहान असली तरी गरिबाच्या घरीं लहान नाहीं.

अंडीं उबविण्याचें काम पूर्वीं खुडूक कोंबडीचें होतें, व अजूनहि पुष्कळ घरीं तेंच चालतें. परंतु खेड्यांत आतां वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारलेल्या जाती आल्या आहेत. ह्या दोन्ही जाती हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयानें परसांत पाळण्याकरितां तयार केल्या. त्या गावरान कोंबडीहून पुष्कळ अधिक अंडीं देतात. पण जी कोंबडी अंडीं घालण्यांतच गुंतते ती खुडूक क्वचितच बसते. त्यामुळें कित्येक घरीं उबवणीची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, आली आहे. कोणी ती विकत घेतात, तर कोणी थर्माकोलची पेटी, विजेचा दिवा, लहान पंखा व उष्णता राखणारें यंत्र जोडून घरींच बनवितात.

ह्या पेटींत उष्णतेची काळजी यंत्र घेतें. दिवा आपोआप लागतो व विझतो. ओलाव्याची काळजी मात्र बहुधा मालकावर सोडलेली असते, आणि नुकसान तेथेंच होतें. एकविसावा दिवस येतो, कांहीं पिलें बाहेर पडतात, आणि बाकीचीं अंडीं फोडून पाहावीं तों आंत पंख, चोंच, नखें सर्व तयार झालेलें पिलूं मरून पडलेलें असतें. मग कोणी म्हणतो अंडीं वाईट होतीं, कोणी म्हणतो दृष्ट लागली. जीं अंडीं मुलांच्या ताटांत वाढलीं नाहींत व बाजारींहि नेलीं नाहींत, त्यांच्यावर तीन आठवड्यांची वीज व मेहनत खर्चून असें व्हावें हें दुःखाचें आहे. आणि अधिक दुःखाचें हें कीं, पुष्कळ वेळां तें टाळतां येण्याजोगें असतें.

ह्या पाठाचा सारांश आरंभींच सांगतों. पेटींत पाणी किती ठेवावें हें अंड्याला विचारून ठरवावें. अंडें आपल्या वजनानें व आपल्या आंतील पोकळीनें त्याचें उत्तर देतें. तें कसें विचारावयाचें व कसें ओळखावयाचें, हें पुढें क्रमानें पाहूं.

१. अंडें कां व किती सुकतें

अंड्याचें कवच दगडासारखें भरीव दिसतें, पण तें तसें नाहीं. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचास साधारणपणें ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रें असतात. ह्या छिद्रांतून आंतील गर्भ श्वास घेतो. बाहेरचा प्राणवायु आंत जातो, कर्बवायु बाहेर येतो, आणि त्याबरोबर अंड्यांतील पाण्याची वाफहि बाहेर पडते. वाफ गेली कीं अंड्याचें वजन घटतें, आणि जितकें पाणी गेलें तितकी बोथट टोंकाकडील हवेची पोकळी वाढते.

हें सुकणें दोष नव्हे. तें अवश्य आहे. कवच फोडण्यापूर्वीं, सुमारे विसाव्या दिवशीं, पिलूं आपली चोंच आंतील पापुद्र्यांतून त्या पोकळींत घालतें आणि आयुष्यांतील पहिला श्वास तेथें घेतें. पोकळी लहान राहिली तर त्यास वळावयास जागा व श्वासास हवा पुरत नाहीं; अंगांत व भोंवतीं जास्तीचें पाणी राहिलेलें असतें, आणि पिलूं दारापर्यंत येऊन गुदमरतें. उलट पाणी फार गेलें तर पिलूं लहान व अशक्त होतें, पापुद्रा कोरडा व चिवट होऊन त्याच्या अंगास चिकटतो, आणि त्यास फिरून कवच कापतां येत नाहीं. दोन्ही बाजूंस मरण आहे. मधली वाट अशी कीं, उबवणीस ठेविल्यापासून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचें वजन शेंकडा ११ ते १४, साधारणपणें १२ ते १३, इतकें घटावें.

हें घटणें योग्य व्हावें म्हणून पहिले अठरा दिवस पेटींतील हवेची आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवावी, असा सर्वसाधारण नियम आहे. उष्णता पंख्याच्या पेटींत ३७.५ अंश सेल्सिअस असावी. पंखा नसलेल्या पेटींत हवा थराथरानें तापते. म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ती सुमारे ३८.५ अंश असावी. परंतु हे आंकडे केवळ आरंभासाठीं आहेत. एकाच पेटींत मोठें अंडें व लहान अंडें, पातळ कवचाचें व जाड कवचाचें, हीं सारखीं सुकत नाहींत. म्हणून नियम पाळूनहि अंडें काय सांगतें तें पाहावेंच लागतें.

२. खुडूक कोंबडीपासून घ्यावयाचा धडा

खुडूक कोंबडीजवळ कोणतेंहि मापक नसतें, तरी चांगल्या कोंबडीखालीं बहुतेक अंडीं फुटतात. ती काय करिते हें पाहण्याजोगें आहे. तिच्या पोटावरचीं पिसें विरळ होऊन उघडी ऊबदार कातडी अंड्यांस लागते. ती चोंचीनें व अंगानें अंडीं वारंवार फिरविते. दिवसांतून एकदां ती उठून दाणापाणी करून येते, तेवढ्यांत अंड्यांस मोकळी हवा लागते. आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत, पिलांचा आवाज कवचांतून येऊं लागला म्हणजे, ती बहुधा जागेवरून हालत नाहीं. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडेल.

माणसानें कोंबडीवांचून अंडीं उबविण्याची विद्या फार जुनी आहे. मिसर देशांत मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडीं उबविण्याचा धंदा कित्येक शतकें चालत आला. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नसे. ते अंडें आपल्या पापणीस लावून त्याची ऊब ओळखीत. कारण पापणीची कातडी पातळ असून तिला थोडाहि फरक कळतो. यंत्र नव्हतें तेव्हांहि अंडें होतें, आणि अंड्याची परीक्षा करणारा माणूस होता. आज यंत्र आहे म्हणून ती परीक्षा सोडून द्यावी असें नाहीं.

३. आपल्या जिल्ह्याची हवा

आपल्या जिल्ह्याचा पुष्कळ भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. पावसाळा सोडला तर येथील हवा कोरडी असते. पण ‘कोरडी’ ह्या शब्दाचा पेटीपुरता अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उष्ण हवेंत पाण्याची वाफ अधिक मावते, थंड हवेंत कमी. १४ अंशांच्या एक घनमीटर हवेंत फार तर १२ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापविली तर तिच्यांत सुमारे ४५ ग्रॅम मावूं शकते. म्हणून बाहेरची हवा पेटींत जाऊन तापली कीं, तिच्यांतील पाणी तितकेंच असूनहि तिची आर्द्रता खालीं येते. थंड हवा जितकी अधिक तापवावी तितकी ती अधिक तहानलेली होते, आणि ती तहान ती अंड्यांतून भागविते.

आतां तीन ऋतूंचा हिशेब करूं. पेटींत पाणी मुळींच ठेविलें नाहीं असें समजा. जुलै महिन्यांत बाहेर २६ अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा पेटींत ३७.५ अंशांवर सुमारे ४४ टक्के होते. मे महिन्याच्या दुपारीं बाहेर ४० अंश व २० टक्के असेल, तर पेटींत सुमारे २३ टक्के होते. आणि जानेवारीच्या पहाटे बाहेर १४ अंश व ७० टक्के असेल, गवतावर दंव असेल, तर पेटींत ती अवघी १७ टक्के होते. उन्हाळा कोरडा हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिवाळ्याची पहाट पेटीच्या दृष्टीनें उन्हाळ्याच्या दुपारीहूनहि कोरडी असते, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें.

ह्यावरून एक मोठी चूक कशी घडते तें पाहा. एखाद्यानें श्रावणांत पेटींत एक लहान वाटी पाणी ठेविलें व पिलें चांगलीं निघालीं. त्यानें मनांत धरिलें कीं एक वाटी हेंच प्रमाण. पौषांत तीच पेटी, तीच वाटी, त्याच कोंबड्यांचीं अंडीं. पण अर्धीं पिलें कवचांत चिकटून मेलीं. दुसऱ्यानें वैशाखांत दोन ताटल्या ठेवून यश मिळविलें आणि भाद्रपदांतहि दोनच ठेविल्या. त्याचीं पिलें आंत बुडालीं. दोघांनींहि काळजी घेतली होती. परंतु त्यांनीं मागल्या ऋतूचें पाणी पुढल्या ऋतूस लाविलें. तुळजापूरच्या शेजाऱ्यानें सांगितलेलें प्रमाण परांड्यास लागू पडेलच असें नाहीं, आणि आपलेंच मागचें प्रमाण आपणांस पुढें लागू पडेल असेंहि नाहीं.

४. ओलावा मोजण्याचीं साधनें

बाजारांत थोड्या पैशांत लहान डिजिटल मापक मिळतें. तें उष्णता व आर्द्रता दोन्ही दाखवितें. तें घ्यावें, पण डोळे मिटून त्याजवर विश्वास ठेवूं नये. कारण स्वस्त मापकांत पांच-दहा टक्क्यांचा फरक सहज असतो. त्याची परीक्षा घरच्या मिठानें करितां येते. बाटलीच्या झांकणांत खाण्याचें मीठ घ्या. त्यावर पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ विरघळूं नये, ओल्या वाळूसारखें व्हावें. हें झांकण व मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक बरणींत अथवा प्लास्टिकच्या पिशवींत, एकमेकांस न चिकटतां, आठ तास ठेवा. बरणी न उघडतां आंकडा वाचा. ओल्या मिठावरील बंद हवेची आर्द्रता नेहमीं ७५ टक्के असते. मापक ७० दाखवीत असेल तर पुढें प्रत्येक वेळीं त्याच्या आंकड्यांत ५ मिळवावे; ८० दाखवीत असेल तर ५ वजा करावे.

दुसरें साधन जुनें आणि खात्रीचें आहे. दोन साधे उष्णतामापक घ्यावे. एकाच्या पाऱ्याच्या गोळीस सुती मलमलीची चिंधी गुंडाळून तिचें टोंक लहान बाटलींतील पाण्यांत सोडावें, आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यांत ठेवावे. ओल्या गोळीवरील पाणी उडतें तेव्हां ती थंड होते. हवा जितकी कोरडी तितकी ती अधिक थंड. कोरडा मापक ३७.५ अंश दाखवीत असतां ओला २९ अंश दाखवील तर आर्द्रता सुमारे ५३ टक्के आहे, आणि ३२ अंश दाखवील तर सुमारे ६८ टक्के आहे. हे दोन आंकडे पेटीच्या झांकणावर लिहून ठेविले म्हणजे पुरे. बोअरच्या जड पाण्यांतील क्षार चिंधीवर बसून ती पाणी शोषीनाशी होते. म्हणून येथें पावसाचें साठविलेलें अथवा उकळून गाळलेलें पाणी वापरावें व चिंधी दर आठवड्यास बदलावी.

५. ओलावा कमीजास्त कसा करावा

पाण्याची खोली वाढविल्यानें ओलावा वाढत नाहीं. पाण्याचा उघडा पृष्ठभाग वाढविल्यानें वाढतो. तांब्याभर पाणी उभ्या पेल्यांत ठेविलें तर वाफ थोडी निघते. तेंच पसरट ताटलींत ओतलें तर पुष्कळ निघते. म्हणून ओलावा वाढवावयाचा असेल तर ताटली मोठी घ्यावी, दुसरी ताटली ठेवावी, किंवा पाण्यांत स्पंजाचा तुकडा अथवा सुती कापडाची उभी घडी ठेवावी. कमी करावयाचा असेल तर लहान वाटी घ्यावी, किंवा ताटलीचा भाग झांकावा. पाणी आटत आलें कीं कोमट पाणी घालावें. थंड पाण्यानें पेटीची उष्णता उतरते. झांकणांतून एक नळी ताटलीपर्यंत सोडून ठेविली तर पेटी न उघडतां पाणी घालतां येतें. ही युक्ती शेवटच्या तीन दिवसांत फार उपयोगी पडते.

हवा खेळण्याचीं भोंकें बुजवूनहि ओलावा वाढतो, पण ती वाट धरूं नये. जसजसा गर्भ वाढतो तसतसा त्यास प्राणवायु अधिक लागतो, आणि शेवटच्या दिवसांत तर सर्वांत अधिक. ओलाव्यासाठीं श्वास बंद करणें म्हणजे तहान भागविण्यासाठीं विहिरींत ढकलणें होय. भोंकें उघडीं ठेवावीं व पाणी वाढवावें. तसेंच अंड्यांवर थेट पाणी शिंपडीत राहूं नये. ओल्या कवचाच्या छिद्रांतून जंतु आंत शिरतात व अंडें सडतें.

६. वजनकाटा आणि दिवा

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. मापक हवेचा ओलावा सांगतें. अंड्यांतून प्रत्यक्ष किती पाणी गेलें हें केवळ वजनकाटा सांगतो. एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा स्वयंपाकघरांतील डिजिटल काटा असला म्हणजे काम होतें. घरीं नसेल तर तिघांचौघांनीं मिळून एक घ्यावा, किंवा ज्यादिवशीं लागेल त्यादिवशीं मागून आणावा.

पहिल्या दिवशीं प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें क्रमांक घालावा. सर्व अंडीं एकत्र तोलून वजन वहींत लिहावें. समजा, गावरान कोंबडीचीं १२ अंडीं आहेत व प्रत्येक सरासरी ४५ ग्रॅमचें आहे. तर एकूण ५४० ग्रॅम झाले. त्याचे शेंकडा १२ म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम अठरा दिवसांत जावे. म्हणजे दर सहा दिवसांस सुमारे २२ ग्रॅम. तेव्हां सहाव्या दिवशीं वजन ५१८ च्या आसपास, बाराव्या दिवशीं ४९७ च्या आसपास, आणि अठराव्या दिवशीं ४७५ च्या आसपास असावें. अंडीं मोठीं असलीं तर आंकडे बदलतील, पण रीत हीच. पहिल्या दिवसाच्या वजनास १२ नें गुणून १०० नें भागावें, आणि त्याचे तीन सारखे हिस्से करावे.

सहाव्या दिवशीं तोललें आणि २२ ऐवजीं १२ ग्रॅमच गेले असें आढळलें, तर अंडें सांगत आहे कीं पेटींत ओलावा फार आहे. पाण्याचा पृष्ठभाग कमी करा. ३२ ग्रॅम गेले असतील तर पेटी कोरडी आहे, पृष्ठभाग वाढवा. भिऊन जाण्याचें कारण नाहीं. महत्त्व अठरा दिवसांच्या एकूण बेरजेचें आहे. पहिल्या सहा दिवसांत जें अधिक गेलें तें पुढल्या बारा दिवसांत थोडें कमी जाऊं दिलें म्हणजे हिशेब जुळतो. अठराव्या दिवशीं मात्र सुधारणेस वेळ उरत नाहीं. म्हणून सहाव्या व बाराव्या दिवसाचें तोलणें चुकवूं नये. मध्यें एखादें अंडें वांझ निघून काढून टाकिलें, तर त्याचें पहिल्या दिवसाचें वजन एकूण आरंभींच्या वजनांतून वजा करावें. ह्यासाठीं प्रत्येक अंड्याचें वेगळें वजनहि लिहून ठेविलें तर उत्तम.

ज्यांच्याजवळ काटा नाहीं त्यांनीं दिव्याची परीक्षा करावी. काटा असला तरीहि ती करावीच. अंधाऱ्या खोलींत मोबाइलच्या दिव्यावर मूठ धरून लहानसें छिद्र ठेवावें व अंड्याचें बोथट टोंक त्यावर टेंकवावें. सातव्या दिवशीं जिवंत अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा व मध्यें हालता ठिपका दिसतो. जें अंडें स्वच्छ दिसतें तें वांझ. ज्यांत नुसतें रक्ताचें कडें दिसतें त्यांतील गर्भ मेलेला आहे. दोन्ही काढून टाकावीं. त्याच वेळीं हवेच्या पोकळीची कड शिसपेन्सिलीनें कवचावर आंखून ठेवावी. चौदाव्या व अठराव्या दिवशीं पुन्हां आंखावी. ह्या तीन रेषा त्या अंड्याच्या सुकण्याचा इतिहासच होत. अठराव्या दिवशीं पोकळीनें अंड्याचा सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा व्यापिलेला असावा. त्याहून फार लहान असेल तर ओलावा अधिक झाला. फार मोठी असेल तर कमी झाला.

हें सर्व करीत असतां अंडीं दिवसांतून तीनदां किंवा पांचदां फिरवावीं, म्हणजे एकच बाजू दोन रात्रीं लागोपाठ वर राहत नाहीं. अंडीं उभीं ठेवावयाचीं असल्यास बोथट टोंक वर असावें. हात स्वच्छ धुतलेले असावे.

७. शेवटचे तीन दिवस

अठरावा दिवस संपला कीं अंडीं फिरविणें बंद करावें. ताटल्यांत कोमट पाणी भरून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी, तळाशीं खरबरीत कापड पसरावें म्हणजे पिलांचे पाय घसरून फांकणार नाहींत, आणि पेटी बंद करावी. ह्यापुढें पिलें निघून सुकेपर्यंत ती उघडूं नये. खुडूक कोंबडी ह्या दिवसांत जागची उठत नाहीं, ती हेंच करीत असते.

आतांच ओलावा कां वाढवावा? कवचास टोंच पडली म्हणजे आंतील पापुद्रा प्रथमच उघड्या हवेस लागतो. हवा कोरडी असेल तर तो कागदासारखा वाळून पिलाच्या पिसांस चिकटतो, आणि पिलूं बांधल्यासारखें जागींच राहतें. पहिलें पिलूं निघालें म्हणून आनंदानें झांकण उघडावें, मुलांनीं वांकून पाहावें, शेजारणीनें पिलूं हातीं घ्यावें, एवढ्यांत पेटींतील ओली उष्ण हवा निघून जाते. आणि ज्या अंड्यांस नुकतीच टोंच पडली आहे त्यांच्यावर संकट येतें. एका पिलाच्या कौतुकापायीं चार पिलें जाऊं देऊं नयेत. कांचेची लहान खिडकी असली तर मुलांस तेथून दाखवावें.

टोंच पडल्यापासून पिलूं बाहेर येण्यास साधारणपणें १२ ते २४ तास लागतात. ह्या वेळांतील पुष्कळ तास तें निश्चल दिसतें. तें मेलें असें समजूं नये, आणि कवच सोलून मदत करूं नये. पापुद्र्यांतील रक्तवाहिन्यांचें रक्त ह्या वेळांत पिलाच्या अंगांत परत जात असतें व उरलेला बलक पोटांत ओढला जात असतो. घाईनें सोललें तर रक्त वाहतें, बेंबी उघडी राहते, आणि दयेनें केलेलें काम मारक ठरतें. पिलूं निघाल्यावरहि घाई नको. पोटांत घेतलेल्या बलकावर तें ४८ तासांपर्यंत दाण्यापाण्यावांचून राहूं शकतें. पिसें सुकून फुललीं म्हणजे सर्व पिलें एकदम काढून ऊबदार खुराड्यांत, पहिल्या आठवड्यांत सुमारे ३३ ते ३५ अंशांत, ठेवावीं व स्वच्छ पाणी आणि दाणा द्यावा.

८. न फुटलेलें अंडें काय सांगतें

तेविसाव्या दिवशींहि जीं अंडीं फुटलीं नाहींत, तीं दिव्यावर पाहून, जिवंतपणाची खूण नसल्यास घराबाहेर फोडून पाहावीं. काम किळसवाणें वाटेल, पण पुढल्या खेपेचा गुरु तेथेंच आहे. पूर्ण वाढलेलें पिलूं ओलें, सुजल्यासारखें, चिकट पाण्यांत बुडालेलें, बेंबी उघडी व पोकळी लहान असेल, तर पहिले अठरा दिवस ओलावा अधिक होता. पिलूं लहान, पापुद्रा वाळून अंगास चिकटलेला व पोकळी फार मोठी असेल, तर ओलावा कमी होता. पोकळी योग्य असून केवळ टोंचेपाशीं पापुद्रा वाळलेला असेल, तर चूक शेवटच्या तीन दिवसांत, बहुधा झांकण उघडण्यानें, झाली. आणि गर्भ पहिल्याच आठवड्यांत मेलेला असेल तर पाण्यास दोष देऊं नये. तेथें अंडें शिळें असणें, उष्णता कमीजास्त होणें, किंवा फिरविण्यांत हयगय होणें हीं कारणें शोधावीं. पाहून झाल्यावर अंडीं खोल पुरावीं व हात साबणानें धुवावे.

९. आणखी कांहीं सूचना

उबवणीचीं अंडीं कोंबड्याबरोबर राहणाऱ्या कोंबड्यांचींच असावीं. दुकानांत खाण्यासाठीं मिळणारीं फार्मचीं अंडीं वांझ असतात. अंडीं सात दिवसांहून अधिक जुनीं नसावीं. तीं धुवूं नयेत. उन्हाळ्यांत पत्र्याच्या घरांत ठेविलीं तर पेटींत जाण्यापूर्वींच बिघडतात. ओल्या वाळूवर ठेविलेल्या मातीच्या मडक्यांत, कोरड्या कापडावर ठेवून वर हवेशीर फडकें झांकावें.

वीज गेली तर पेटीवर घोंगडी पांघरावी, आंत गरम पाण्याची बंद बाटली ठेवावी, आणि झांकण उघडूं नये. कांहीं तासांची थंडी अंडें सोसतें. अधिक उष्णता सोसत नाहीं. उष्णता ४० अंशांच्या वर जाऊन कांहीं तास राहिली तर गर्भ मरतो. म्हणून मे महिन्यांत पेटी घराच्या सर्वांत गार कोपऱ्यांत ठेवावी.

विजेच्या कडकडाटानें अंडीं नासतात म्हणून त्यांजवळ लोखंडाचा तुकडा व कोळसा ठेवण्याची चाल कोठें कोठें आहे. लोखंडास व कोळशास अंडें राखण्याची शक्ति नाहीं. ज्या दिवसांत वीज कडाडते त्याच दिवसांत हवा दमट व उष्ण होऊन साठविलेलीं अंडीं लवकर बिघडतात, आणि पेटींत पाणी कमी करावयाचें असतें तें कोणी करीत नाहीं. कोळसा ठेवण्याऐवजीं ताटली लहान करावी.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक पेटीबरोबर एक वही ठेवा. तिच्यांत महिना, अंड्यांची संख्या, तीन वेळचीं वजनें, ताटलीचा आकार, किती पिलें निघालीं व किती कां मेलीं, एवढें लिहा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतल्या मुलानें किंवा उपदेशक बंधूनें लिहावें. तीन ऋतूंच्या नोंदी झाल्या म्हणजे तुमच्या गांवच्या हवेस, तुमच्या पेटीस व तुमच्या कोंबड्यांस योग्य असें प्रमाण तुमच्याच हातीं येईल. तें कोणत्याहि छापील पत्रकांत मिळणार नाहीं. अडचण पडल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत किंवा तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रांत ती वही घेऊन जा. नोंद हातीं असली म्हणजे सल्ला देणाऱ्यासहि नेमकें सांगतां येतें.

वाचनवर्गासाठीं प्रश्न

१. अंड्यांतून पाणी जाणें अवश्य कां आहे? किती जावें?
२. जानेवारीच्या पहाटे दंव पडत असूनहि पेटी कोरडी कां होते?
३. मापकाची परीक्षा मिठानें कशी करावी?
४. दहा अंड्यांचें पहिल्या दिवसाचें वजन ५०० ग्रॅम आहे. सहाव्या, बाराव्या व अठराव्या दिवशीं तें किती असावें?
५. शेवटचे तीन दिवस पेटी कां उघडूं नये?
६. आपल्या गांवांत मागल्या खेपेस जीं पिलें कवचांत मेलीं, त्यांचीं कारणें ह्या पाठावरून काय असावीं?